विजेचे सोवळे

गेल्या पावसाळ्यात मराठी विभागातील आम्हा तिघांना आमच्या शहरातील एका सुसंस्कृत गृहस्थांनी घरी संगीत ऐकण्यासाठी बोलावले. सोबत एम. ए. भाग दोनचा एक विद्यार्थीही होता. आम्ही तेथे सुमारे तीन तास होतो आणि त्यांपैकी तासभर तरी आम्ही विजेविषयी ऐकत होतो. प्रस्तुत लेख त्या तासाबद्दल आहे, आणि त्या तासात आमच्या हातून घडलेल्या एका लबाडीबद्दलही.

यजमानांनी प्रथम संगीत लावले नाही. प्रथम त्यांनी आम्हांला अंगणात नेले आणि मीठ-कोळसा भरून केलेले अर्थिंगचे दोन खड्डे दाखवले. एक घराचा, दुसरा केवळ श्रवणकक्षाचा. (वायरमन मंडळी 'अर्थिंग' असेच लिहितात, भाषेच्या शिक्षकाला हा शब्द पाहून हसू येणे अपरिहार्य आहे.) दुसऱ्या खड्ड्याला घराच्या अर्थिंगचा स्पर्शही होऊ दिलेला नाही, हे त्यांनी अभिमानाने सांगितले. आत आल्यावर कळले की मीटरपासून या खोलीपर्यंत सहाची तांब्याची वायर स्वतंत्र आणलेली आहे. फ्रीज, मिक्सर, पाण्याचा पंप यांपैकी कशाचाही तिच्याशी संबंध नाही. ती वीज आधी एका आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरमधून जाते, मग एका पॉवर कंडिशनरमधून, आणि शेवटी अंगठ्याएवढ्या जाड केबलमधून अ‍ॅम्प्लिफायरला मिळते. केबल जमिनीला टेकू नये म्हणून तिच्याखाली चिनी मातीचे छोटे चौरंग ठेवलेले होते. दोन मीटर लांबीच्या त्या एका केबलची किंमत आमच्या विभागाच्या ग्रंथखरेदीच्या वार्षिक तरतुदीहून अधिक होती.

आम्ही थक्क झालेले पाहून यजमानांनी जपानचे उदाहरण दिले. तेथील काही श्रवणवेड्यांनी अंगणात स्वतःच्या मालकीचा विजेचा खांब उभारून त्यावर स्वतःचे रोहित्र बसवून घेतले आहे, जेणेकरून शेजाऱ्यांच्या उपकरणांचा 'विटाळ' आपल्या संगीताला होऊ नये. ही दंतकथा नव्हे. २०१६ मध्ये एका अमेरिकी वृत्तपत्राने याविषयी सविस्तर वृत्तान्त दिला होता आणि अशा खांबाचा खर्च सुमारे १० हजार डॉलर सांगितला होता. 'विटाळ' हा शब्द आमचा नव्हे, यजमानांचा. तो त्यांनी विनोदाने वापरला. आम्हांला मात्र त्या संध्याकाळचा तोच सर्वांत अचूक शब्द वाटतो.

मग त्यांनी एका ख्यालाचे ध्वनिमुद्रण लावले. पाच मिनिटांनी थांबवले, जाड केबल काढून साधी केबल लावली, तेच पुन्हा ऐकवले आणि विचारले, "काय फरक जाणवला?" आमच्यापैकी एकाने सांगितले की आधी आवाजामागची पार्श्वभूमी अधिक काळी होती. दुसऱ्याने सांगितले की आता तानपुऱ्यावर पडदा आल्यासारखे वाटते. तिसऱ्याने विचारपूर्वक मान हलवली. विद्यार्थी म्हणाला, "सर, मला काहीच फरक कळला नाही." यजमान प्रेमळपणे हसले. "कान तयार व्हायला वेळ लागतो," ते म्हणाले. आम्हीही हसलो.

परतताना रिक्षात त्या मुलाने विचारले, "सर, तुम्हांला खरंच ऐकू आलं का?" आम्ही पावसाविषयी बोलू लागलो. खरे उत्तर येथे देतो: नाही. 'काळी पार्श्वभूमी' आणि 'पडदा' हे दोन्ही शब्द यजमानांनीच दहा मिनिटांपूर्वी उच्चारले होते. आम्ही ते त्यांना परत केले, इतकेच.

आमचा आक्षेप पैशाला नाही. कुणी हिरे घेतो, कुणी घोडे पाळतो. हे गृहस्थ तर संगीतासाठी खर्च करतात. आमचा आक्षेप विजेकडे लक्ष देण्यालाही नाही. खराब विजेचे दुष्परिणाम खरे आहेत आणि ते ऐकू येतात. दाब खालीवर होत असेल तर उपकरण बिघडते. टीव्हीची केबल आणि अ‍ॅम्प्लिफायर निरनिराळ्या वाटांनी जमिनीशी जोडले गेले की त्या दोन वाटांच्या वेटोळ्यातून प्रवाह फिरतो आणि स्पीकरमधून 'घूं' असा अखंड सूर निघतो. तो लहान मुलालाही ऐकू येतो. सदोष अर्थिंग तर जिवावर बेतते. उन्हाळ्यात खड्डा कोरडा पडला की त्यात पाणी ओतावे लागते, ही गोष्ट किती गृहनिर्माण संस्थांचे पदाधिकारी लक्षात ठेवतात? तेव्हा स्वतंत्र वायर ओढणे, सॉकेट घट्ट असणे, अर्थिंग तपासून घेणे हे सारे शहाणपणाचे आहे आणि त्याला फार पैसेही लागत नाहीत.

पण शहाणपण जेथे संपते तेथून सोवळे सुरू होते. दुसरा खड्डा घराच्या अर्थिंगशी जोडलेला नाही, या ज्या गोष्टीचा यजमानांना अभिमान होता, तीच सर्वांत धोक्याची आहे. एका घरातील सर्व अर्थिंग परस्परांशी जोडलेलीच असली पाहिजेत. अन्यथा बिघाडाच्या वेळी एकाच खोलीतील दोन धातूंच्या पेट्यांमध्ये मोठ्या दाबाचा फरक निर्माण होऊ शकतो, आणि दोन्हींना एकदम हात लावणाऱ्याला त्याचा प्रसाद मिळतो. कोणताही जाणता वायरमन हे सांगेल. शुद्धतेच्या आग्रहापुढे माणसाची सुरक्षितता गौण ठरणे आपल्या समाजाला नवे नाही, म्हणून आम्ही त्यावर अधिक लिहीत नाही.

आता त्या केबलकडे वळू. उपकेंद्रातून निघालेली वीज ११ हजार व्होल्टच्या वाहिनीने, अ‍ॅल्युमिनियमच्या उघड्या तारांवरून, कावळे-वटवाघळे-पतंगाचे मांजे यांच्या संगतीत काही किलोमीटर येते. रोहित्रात तिचा दाब उतरतो. मग खांबावरून, फ्यूजमधून, मीटरमधून ती भिंतीतल्या सॉकेटपर्यंत पोहोचते. शेवटच्या दोन मीटरमध्ये ती गंगास्नान करून पावन कशी होणार? यावर जाणकारांचे उत्तर असे की ते दोन मीटर शेवटचे नसून उपकरणाच्या दृष्टीने पहिलेच आहेत, आणि केबल आसपासचा विद्युत गोंगाट रोखते. हे उत्तर अगदीच टाकाऊ नाही. परंतु अ‍ॅम्प्लिफायर भिंतीतील वीज जशीच्या तशी संगीतात मिसळत नाही. सेकंदाला ५० आवर्तने घेणारी ही प्रत्यावर्ती वीज आतील ट्रान्सफॉर्मर, रेक्टिफायर आणि मोठाल्या कपॅसिटरमधून जाऊन दिष्ट होते; हा खटाटोप केलेला असतो तो नेमका याच गोंगाटासाठी. त्यातूनही काही उरत असेल तर ते अ‍ॅम्प्लिफायरच्या बाहेर पडणाऱ्या संकेतात मोजता आले पाहिजे. मोजमाप विचारले की उत्तर मिळते, "सगळेच मोजता येत नाही." ठीक आहे. मग न मोजता, केवळ कानाने, पण केबलचे नाव झाकून ऐकू या, असे म्हटले की मात्र बोलणे खुंटते.

वाङ्मयाच्या अभ्यासकांनी या ठिकाणी कान टवकारायला हवेत. कारण नाव झाकून आस्वाद घेण्याचा सर्वांत गाजलेला प्रयोग आपल्याच क्षेत्रात झालेला आहे. आय. ए. रिचर्ड्स यांनी केंब्रिजमधील विद्यार्थ्यांना कवींची नावे न सांगता कविता दिल्या, त्यांचे अभिप्राय लिहून घेतले आणि १९२९ मध्ये 'प्रॅक्टिकल क्रिटिसिझम' हा ग्रंथ सिद्ध केला. डन, हॉपकिन्स, लॉरेन्स यांच्या कविता नावाविना समोर आल्यावर अनेक चांगल्या विद्यार्थ्यांनी त्या मोडीत काढल्या. आपण हा प्रयोग वर्गात शिकवतो, त्यावर दहा गुणांचा प्रश्न विचारतो. आणि एका श्रीमंत दिवाणखान्यात कुणी केबल बदलली की त्याचा आपल्याला विसर पडतो.

श्रवणक्षेत्रातही ही मागणी बाहेरच्या निंदकांची आहे असे समजू नये. 'स्टिरिओफाइल' हे नियतकालिक १९६२ मध्ये सुरू करणारे आणि या उपकरणांच्या कानाने केलेल्या परीक्षणाचा पाया घालणारे जे. गॉर्डन होल्ट यांनी २००७ मध्ये स्वतःच्याच नियतकालिकाला दिलेल्या मुलाखतीत असे मत मांडले होते की, नाव झाकून करायच्या चाचण्यांसारखी साधी प्रामाणिकपणाची कसोटी नाकारल्यामुळे या क्षेत्राने १९८०च्या दशकातच आपली विश्वासार्हता गमावली.

प्रतिवाद असा होतो की परीक्षेच्या ताणामुळे कान बावचळतो, सूक्ष्म भेद निवांत सहवासातच उमगतात. मान्य. मग दोन्ही केबली एकसारख्या नळीत घालाव्यात, कुणा तिसऱ्याने नाणे उडवून त्यांतील एक लावावी आणि यजमानांनी महिनाभर निवांत ऐकावे. महिन्याअखेरीस कोणती होती ते सांगावे. असे दहा-बारा महिने. ज्याला केबलसाठी लाखभर रुपये आहेत त्याला धीर धरायला काय हरकत आहे?

मात्र आम्हांला खरी चीड आली ती "कान तयार व्हायला वेळ लागतो" या वाक्याची. ही भाषा आपल्या घरातून गेलेली आहे. आपल्या काव्यशास्त्राने सहृदयाची कल्पना मांडली. काव्याच्या सततच्या परिशीलनाने ज्याचे मनरूपी दर्पण स्वच्छ झाले तो सहृदय, असे अभिनवगुप्त म्हणतो. पण त्या अभ्यासाचा विषय काव्य आहे, आणि काव्य कुणालाही उघडून पाहता येते. येथे सहृदयाची खूण एकच: फरक आहे असे म्हणणे. नाही म्हणणाऱ्याला कान नाही, आणि कान नाही कारण तो नाही म्हणतो. या गोल पिंजऱ्यातून कुणाचीच सुटका नाही. वर्गात एखाद्या विद्यार्थ्याने प्रतिष्ठित कवितेविषयी "मला यात काही दिसलं नाही" असे म्हटले की आपणही "अजून वाचा" म्हणून त्याला खाली बसवतो. कधीकधी ते योग्यही असते. पण तेव्हा आपल्यावर एक जबाबदारी येते: ओळीवर बोट ठेवून काय दिसायला हवे ते दाखवण्याची. तानपुऱ्याच्या जवारीत दोरा किंचित सरकवला की नाद खुलतो, आणि गाण्यातले काहीही न कळणाऱ्यालाही तो फरक दाखवता येतो. सूक्ष्म भेद असे दाखवता येतात.

शिवाय त्या मुलाला कान नव्हता, हे आम्ही कशावरून गृहीत धरले? तो दुष्काळी पट्ट्यातला आहे. त्याच्या गावात रोहित्राला 'डीपी' म्हणतात आणि डीपी जळला की दुरुस्तीची वाट पाहताना पीक डोळ्यांदेखत वाळते. विहिरीवरची तीन फेजची मोटार चालू असताना एक फेज गेला तर तिचा आवाज जड होतो. थांबलेली असेल तर ती फिरत नाही, नुसती घुमते. हा फरक तो घराच्या अंगणातून ऐकतो, कारण वेळीच बंद केली नाही तर मोटार जळते. विजेचा बिघाड कानाने ओळखणारा त्या खोलीत एकच इसम होता, आणि आपल्याला फरक ऐकू येत नाही असे तोच सांगत होता.

त्याच संध्याकाळी तो पाण्याचा पेला ठेवायला खोलीच्या कोपऱ्यात गेला आणि म्हणाला, "सर, इथं डग्गा खूपच मोठा वाजतोय." कुणी लक्ष दिले नाही. वास्तविक हे अगदी खरे निरीक्षण होते. चौदा फुटांवर समोरासमोर भिंती असल्या की सुमारे ४० हर्ट्झचा आणि त्याच्या पटीतला नाद त्यांच्यामध्ये घुमतो. तो कोपऱ्यात फुगतो आणि काही जागी जवळजवळ नाहीसा होतो. खुर्ची दोन फूट मागे सरकवली तरी डग्ग्याचा नाद पालटतो. हा फरक मोजता येतो, नाव झाकूनही ओळखता येतो, आणि त्याला खर्च शून्य. पण खुर्चीला किंमत नसल्यामुळे तिच्याविषयी विशेषणेही नाहीत.

निघताना यजमानांनी गौहरजानची एक जुनी तबकडी सीडीवरून ऐकवली. ऐकताना त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांच्या प्रेमाविषयी आम्हांला तीळमात्र शंका नाही. गौहरजानचे पहिले ध्वनिमुद्रण १९०२ मध्ये कलकत्त्यात झाले. त्या काळी गाणारा कर्ण्यात तोंड घालून गात असे, आवाजाच्याच जोराने सुई मेणावर चरे पाडत असे, आणि ऐकणारा चावी भरून ऐकत असे. पाश्चात्त्य कंपन्यांनी विद्युत ध्वनिमुद्रण स्वीकारले ते १९२५ मध्ये. भारतात ते त्यानंतर आले. म्हणजे ज्या गाण्याने त्यांना रडवले त्याच्या निर्मितीत वीज शुद्ध नव्हती आणि अशुद्धही नव्हती. ती नव्हतीच. मूळ तबकडीची खरखर इतकी होती की जगातील कोणत्याही खांबावरचा गोंगाट तिच्यापुढे लाजला असता.

आम्ही यजमानांना पत्र लिहून दोन गोष्टी कळवल्या आहेत. एक, दुसरा खड्डा घराच्या अर्थिंगशी लवकरात लवकर जोडून घ्यावा. दोन, केबलची चाचणी करायची तयारी असेल तर पडदा आणि नाणे आम्ही आणू, नोंदी तो विद्यार्थी ठेवील, आणि आम्ही तिघेही त्याच्या बरोबरीने परीक्षेला बसू. पहिल्या सूचनेबद्दल त्यांचा आभाराचा फोन आला. वायरमन येऊन गेला. दुसरीबद्दल ते काही बोलले नाहीत.