ऑथेंटिक थाई आणि वेटरचा चेहरा

'पॅन-एशियन' या शब्दाचा मला जाम राग येतो. बाणेर, औंध, विमाननगर, कोरेगाव पार्क... पुण्यात कुठेही जा, हा शब्द लिहिलेली एखादी पाटी दिसतेच. आत मेनूकार्डात जपानची सुशी, व्हिएतनामचं फो, तिबेट-नेपाळचे मोमो, थायलंडची ग्रीन करी आणि शेवटच्या पानावर आपलं लाडकं व्हेज मांचुरियन. आपणही आशियातच राहतो, पण वरण-भात काही त्या यादीत नसतो. असो. भूगोलाचा तास घ्यायचा नाहीये. मला बोलायचंय ते पाटीवरच्या दुसऱ्या एका शब्दाबद्दल. 'ऑथेंटिक'.

आधीच सांगतो, मांचुरियनशी माझं काही भांडण नाही. नेल्सन वांग यांनी १९७५ च्या सुमारास मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात चिकन मांचुरियन केलं असं सांगतात. आलं, लसूण, हिरवी मिरची हा आपला मसाला आणि त्यात सोया सॉस. कोलकात्याच्या टांगऱ्यातल्या चिनी कुटुंबांनीही असंच आपल्या जिभेला रुचेल असं जेवण घडवलं. ते भारतीय जेवण आहे आणि झकास आहे. टपरीवरचा चायनीजवाला 'आमची रेसिपी थेट मांचुरियातून' असं कधी म्हणत नाही. त्याचा व्यवहार सरळ आहे.

व्यवहार वाकडा होतो तो एसी लावला, मंद दिवे लावले आणि ग्रीन करीला पाचशे रुपयांच्या वरचा भाव लावला की. ही करी बहुतेक ठिकाणी कशी लागते? नारळाच्या दुधाची हिरवट खीर! थाई भाषेत तिचं नाव 'केंग खिआव वान'. यातल्या 'वान'चा अर्थ गोड, पण तो गोडवा हिरव्या रंगाच्या फिक्या छटेला लावलेलं विशेषण आहे, साखरेची ऑर्डर नाही. तिच्या वाटणात हिरव्या मिरच्या, गवती चहा, आल्याचं भावंड असलेलं गलांगल, लिंबाची साल आणि कोळंबी आंबवून केलेली 'कापी' असते. ज्या देशात आपल्या लवंगीसारख्या जहाल मिरचीला 'उंदराच्या लेंड्या' असं नाव आहे, त्या देशाची करी खीर कशी असेल हो?

आणि त्या करीबरोबर चॉपस्टिक्स! थायलंडमध्ये भात काट्या-चमच्याने खातात. काट्याने घास चमच्यावर ढकलायचा आणि चमचा तोंडात घालायचा, एवढं सोपं. चॉपस्टिक्स मुख्यतः नूडल्ससाठी. म्हणजे आपण इथे दोन काड्यांनी भात उचलायची सर्कस करतो आणि थाई माणूस बघत असेल तर त्याची करमणूक होते.

बँकॉकमध्ये कुणी मिसळीत साखर आणि क्रीम घातलं, सोबत पावाऐवजी बटर नान ठेवला आणि वर 'ऑथेंटिक महाराष्ट्रीयन' अशी पाटी लावली, तर आपण काय करू? पुणेकर असाल तर उत्तर द्यायची गरज नाही.

मालकांना विचारा, उत्तर ठरलेलं. 'सर, कस्टमरला फिश सॉसचा वास चालत नाही.' कुठल्या कस्टमरला? सुकट, जवळा, सुके बोंबील खाणाऱ्या मराठी माणसाला? गोव्यात किसमूर ओरपणाऱ्याला? घरी आई जवळा भाजते तेव्हा सगळी बिल्डिंग घमघमते आणि आपली भूक खवळते. फिश सॉस म्हणजे मासे आणि मीठ यांचंच आंबवलेलं पाणी. कच्च्या पपईचं 'सोम ताम' तर चक्क खलबत्त्यात मिरची-लसूण कुटून करतात. ठेच्यावर वाढलेल्या जिभेला यात परकं काय आहे?

'पण व्हेजवाल्यांचं काय?' हाही हमखास प्रश्न. थायलंडमध्ये चिनी वंशाच्या लोकांमुळे रुजलेला नऊ दिवसांचा शाकाहाराचा उत्सव असतो, फुकेतमधला विशेष प्रसिद्ध. त्या दिवसांत 'चे' पद्धतीचं जेवण करतात. त्यात मांस-मासे नाहीत, फिश सॉस नाही, इतकंच काय, लसूण आणि कांदाही नाही. आपला चातुर्मासच म्हणा ना. म्हणजे शाकाहारी थाई जेवणाची स्वतःची रीत आहे. पनीर टाकून साखर वाढवायची काही गरज नाही.

मग आपण 'ऑथेंटिक' ठरवतो तरी कशावरून? चवीवरून नक्कीच नाही. रिलीजनंतरच्या कुठल्याही टीम डिनरला कान देऊन ऐका. 'मस्त जागा आहे रे, एकदम ऑथेंटिक. स्टाफ पण तिकडचाच आहे.'

तिकडचा म्हणजे कुठला हो? तो मुलगा मणिपूर, मिझोराम, नागालँड, दार्जिलिंग किंवा नेपाळचा असतो. इम्फाळच्या मुलाचा ग्रीन करीवर जेवढा वारसाहक्क, तेवढाच इचलकरंजीच्या मुलाचा. पण इचलकरंजीच्या मुलाला किमोनोसारखा अंगरखा घालून दारात उभं करत नाहीत. एका भारतीय माणसाचा चेहरा परदेशाचा पुरावा म्हणून वापरायचा, हा या धंद्यातला खरा मसाला आहे. आणि तो आपल्यासाठी वापरतात, कारण आपण त्याचे पैसे देतो.

हाच चेहरा रेस्टॉरंटबाहेर आला की काय होतं? २००७ मध्ये दिल्ली पोलिसांनी ईशान्येकडच्या विद्यार्थ्यांसाठी पुस्तिका काढली होती. त्यात बांबूचे कोंब, अखुनी असे वासाचे पदार्थ करताना शेजाऱ्यांना त्रास होऊ देऊ नका, असा उपदेश होता. अखुनी म्हणजे आंबवलेलं सोयाबीन. जपानी लोक ते करतात तेव्हा आपण 'नात्तो' म्हणतो आणि त्याच्या पौष्टिकतेवर फॉरवर्ड पाठवतो! या अखुनीच्या वासावरून होणाऱ्या कुचंबणेवर 'अ‍ॅक्सोन' (२०१९) नावाचा सिनेमाही आलाय. ऑगस्ट २०१२ मध्ये हल्ल्यांच्या अफवांमुळे ईशान्येकडचे हजारो लोक बंगळूर आणि आपल्या पुण्यातून गाड्या भरभरून परत गेले. मार्च २०२० मध्ये त्यांना रस्त्यात 'कोरोना' म्हणून हाका मारल्या जात होत्या, इतक्या की केंद्रीय गृहमंत्रालयाला राज्यांना लेखी सूचना पाठवावी लागली.

म्हणजे गंमत बघा. टेबलापाशी त्याचा चेहरा 'ऑथेंटिक', सोसायटीच्या गेटवर तोच चेहरा 'बाहेरचा'. प्लेटमध्ये वास नको म्हणून करीतून फिश सॉस गेला आणि बिल्डिंगमध्ये वास नको म्हणून त्याच्या खोलीतून अखुनी गेली. दोन्हीकडे नाक आपलंच.

'एवढा विचार कशाला, खा आणि घरी जा' असं म्हणणारे मित्र मला आहेत. त्यांना साधा हिशेब सांगतो. चव बदलायला माझी ना नाही, जगातलं प्रत्येक जेवण प्रवासात बदलतं. तुम्ही गोड करी खा, आवडीने खा. पण तिला 'पुणेरी थाई' म्हणा. आणि खरंच थाई खायचं असेल तर ऑर्डर देताना विचारा, फिश सॉस आहे का, वाटण इथे करता की डब्यातलं, काटा-चमचा मिळेल का. पुणं काही या जेवणाला नवखं नाही, कोरेगाव पार्कातलं मलाका स्पाईस १९९० च्या दशकापासून लोकांना आग्नेय आशियाचं जेवण खाऊ घालतंय. दहा गिऱ्हाइकांनी आग्रह धरला तर किचन बदलतं. आपण रोज क्लायंटच्या आग्रहाखातर काय काय बदलतो ते आठवा!

आणि तो मुलगा इम्फाळचा आहे असं कळलं, तर त्याला एरोम्बाबद्दल विचारा. उकडलेल्या भाज्या, मिरच्या आणि नगारी नावाची आंबवलेली मासळी एकत्र कुस्करून करतात. ते या देशाचं जेवण आहे आणि कुठल्याच 'पॅन-एशियन' मेनूवर मला ते दिसलेलं नाही. पुढच्या सोसायटी मीटिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरूंच्या 'वासाची' तक्रार आली, तर तेवढा हात मात्र वर करा आणि आपल्या घरच्या सुक्या बोंबलांची आठवण करून द्या.

बाकी तुम्ही सुज्ञ आहात.