चार दिवस कोठे गेले?

लोअर परळच्या ना. म. जोशी मार्गावरून, ज्यास जुनी मंडळी अद्याप डिलाईल रोडच म्हणतात, आज जो कोणी जाईल त्यास काचेच्या उंच इमारती दिसतील, आणि त्यांच्यामधून एखादे गिरणीचे थंड पडलेले धुरांडे दिसेल. याच रस्त्यावर मुंबई सरकारच्या डेव्हलपमेंट खात्याने शंभर वर्षांपूर्वी बत्तीस चाळी बांधल्या. त्या पाडून आता तेथे मनोरे उभारण्याचे काम हाती घेतलेले आहे. घरे नवी व्हावीत याविषयी आमची तक्रार नाही. परंतु चाळीबरोबर तिची आठवणही पाडली जाते, आणि कित्येक थोर लोकांस ते सोयीचे असते. या गिरणगावाने व त्याच्या शेजाराने शंभर वर्षांत तीन मोठे दंगे पाहिले, तिन्ही वेळा सरकारने चौकशी नेमली, आणि दुबळ्यांचे रक्षण करणे हे राज्यकर्त्यांचे काम की चौकशी समितीचे, हा घोटाळा मात्र अद्याप मिटलेला नाही.

पहिला प्रसंग १९२९ सालचा. शिवडीकडील तेल कंपन्यांतील संप मोडण्यासाठी पठाण कामावर घेतले होते. शिवाय जबर व्याजाने पैसे देणारा पठाण गिरणी कामगारांच्या डोळ्यांत आधीच सलत होता. अशा वेळी फेब्रुवारीच्या आरंभी कंडी उठली की, बडोदे संस्थानातील पुलाच्या पायात बळी देण्याकरिता पठाण मुले पळवीत आहेत. पुरावा यत्किंचितही नव्हता. तथापि रस्त्यात दिसेल त्या पठाणावर हल्ले सुरू झाले, त्यातून हिंदु-मुसलमानांचा दंगा पेटला, आणि शंभरांहून अधिक माणसे प्राणास मुकली. सरकारच्या चौकशी समितीने दोषाचा मोठा भार गिरणी कामगार युनियनच्या कम्युनिस्ट पुढाऱ्यांच्या भाषणांवर टाकला. कंडी पिकत असता सरकारचे पोलीस व सरकारची जीभ काय करीत होती, हा प्रश्न मग मागे पडला. हा जुन्या काळचा अडाणीपणा म्हणून कोणी हसण्यावारी नेऊ नये. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा गावी याच संशयावरून नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी ठेचून मारण्यात आले. १९२९ साली कंडी तोंडातोंडी फिरली, २०१८ साली ती मोबाइलवरून फिरली, एवढाच काय तो सुधारणेचा फरक! मरणारा दोन्ही वेळा परका, फिरस्ता आणि ज्याच्या बाजूने बोलणारे कोणी नाही असाच होता.

दुसरा प्रसंग जानेवारी १९७४ चा. वरळीच्या बी. डी. डी. चाळींजवळ दलित पँथरच्या सभेवर दगडफेक झाली, पोलिसांनी लाठ्या चालविल्या, आणि दंगल नायगावपर्यंत पसरली. १० जानेवारीस परळमध्ये मोर्चावर वरून टाकलेल्या दगडाने भागवत जाधव हा तरुण ठार झाला. न्यायमूर्ती भस्मे यांचा आयोग नेमला गेला. दलितांच्या घरांवर दगड येत असता पोलिसांनी कोणाची बाजू राखली, हा त्यावेळी चाळीचाळीतून विचारला जाणारा प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर देण्याचे काम एका न्यायाधीशाकडे सोपवून मंत्रिमंडळ मोकळे झाले.

तिसरा प्रसंग वाचकांपैकी पुष्कळांनी डोळ्यांनी पाहिला आहे. ६ डिसेंबर १९९२ रोजी अयोध्येस बाबरी मशीद पाडली गेली, त्यानंतर डिसेंबरात व पुन्हा जानेवारी १९९३ त मुंबई जळाली. न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या आयोगाच्या नोंदीप्रमाणे ९०० माणसे मेली. त्यांत ५७५ मुसलमान, २७५ हिंदू, ५ इतर, आणि ४५ अशी की त्यांचा धर्मही कळला नाही. डोंगरीस माथाडी कामगारांचे खून झाले, जोगेश्वरीच्या राधाबाई चाळीत माणसे कोंडून जाळली गेली. तेही याच हिशेबातले आहे. ८ जानेवारीपासून मुसलमानांवर जे संघटित हल्ले झाले त्यांत शिवसेनेच्या पुढाऱ्यांनी व कार्यकर्त्यांनी पुढाकार घेतला, आणि पोलिसांचे वर्तन अनेक ठिकाणी पक्षपाती होते, असे आयोगाने स्पष्ट म्हटले. परंतु आमच्या मते त्या अहवालातील सर्वांत जड वाक्य दुसरेच आहे. लष्कराचा परिणामकारक उपयोग करण्याविषयी हुकूम देण्यात मुख्यमंत्र्यांनी चार मोलाचे दिवस दवडले, असा आयोगाचा निष्कर्ष आहे.

लष्कर शहरात होते; ते रस्त्यांवरून संचलन करीत होते. फौज, बंदुका, कायदा यांपैकी कशाचीही उणीव नव्हती. उणीव होती ती एका निश्चयाची, आणि तो निश्चय ज्याने करावयाचा त्या सुधाकरराव नाईकांच्या सरकारात राजकीय हिशेब चालले होते. जमाव बेभान असतो हे आम्हांस मान्य आहे. मंत्री बेभान नसतो. त्याच्या टेबलावर दूरध्वनी असतो, पोलीस आयुक्त त्याच्यासमोर उभा असतो, आणि कोणत्या मोहल्ल्यात कोण अडकले आहे हे त्यास घटकेघटकेस कळत असते. म्हणून त्याचा दोष दगड मारणाऱ्याच्या दोषाहून वेगळ्या जातीचा आहे. पुढे मार्चमध्ये मुख्यमंत्री बदलले. खुर्ची बदलणे म्हणजे जबाबदारी भोगणे, असे मानण्याची आपल्याकडे चाल पडली आहे. त्या चार दिवसांत जे मेले त्यांच्या घरच्यांस या बदलाने काय मिळाले?

द्वेष पसरविणाऱ्या लेखणीसंबंधी बोलताना आम्हांस थोडा संकोच वाटतो, कारण तो आमच्याच धंद्याचा कलंक आहे. त्या दिवसांत दंग्यास तेल घातले ते अग्रलेखांनीही. जातीजातींत वैर माजविल्याबद्दल खटला चालवावयाचा तर न्यायालयास आधी सरकारची मंजुरी लागे. जुन्या फौजदारी संहितेच्या १९६ व्या कलमातील ही किल्ली नव्या संहितेत २१७ व्या कलमात गेली, परंतु राहिली मंत्र्यांच्याच कंबरेस. ही किल्ली सरकारने फिरवावी म्हणून माजी मुख्य सचिव जे. बी. डिसोझा उच्च न्यायालयात गेले. १९९४ साली त्यांची याचिका फेटाळली गेली. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये सर्व राज्यांस बजावले की, द्वेषाच्या भाषणाबद्दल कोणी तक्रार न केली तरी पोलिसांनी आपण होऊन गुन्हा नोंदवावा. हुकूम उत्तम आहे. पण गुन्हा नोंदवूनही मंजुरीचा कागद मंत्रालयात धूळ खात पडला तर नोंदवही भरेल, एवढेच.

आयोगाचे हाल तर सर्वश्रुत आहेत. जानेवारी १९९६ मध्ये मनोहर जोशी सरकारने तो गुंडाळला, मे महिन्यात पंतप्रधान वाजपेयी यांच्या सूचनेवरून पुन्हा जिवंत केला, आणि फेब्रुवारी १९९८ मध्ये हाती आलेला अहवाल ऑगस्टात सभागृहापुढे ठेवताना तो हिंदूविरोधी ठरवून झिडकारला. कायद्याप्रमाणे आयोगाचे निष्कर्ष सरकारवर बंधनकारक नसतात, त्यामुळे इतके पुरले. १९९९ त सत्तेवर आलेल्यांनी अंमलबजावणीची आश्वासने दिली होती. त्यांच्या पंधरा वर्षांच्या कारभारात ती बव्हंशी आश्वासनेच राहिली. मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांत २५७ माणसे मेली. त्या खटल्यात १०० जणांस दोषी ठरविण्यात आले, आणि ते योग्यच झाले. दंग्यांच्या बाबतीत मात्र चिथावणीखोर भाषणाबद्दल मधुकर सरपोतदार यांस २००८ साली एका वर्षाची शिक्षा झाली, तीही जामिनावर राहिली. एकाच शहरातील प्रेतांस न्यायाची दोन मापे कशी?

पेठेतील आमचे काही स्नेही म्हणतील, झाले गेले, आता उकरून काय लाभ? दंग्याने बाजार बसतो, तेव्हा तो विषय न काढलेलाच बरा. व्यापाऱ्याने असे म्हणावे याचे आम्हांस नवल वाटते. बुडीत खाते वहीतून फाडून टाकणारा व्यापारी आम्ही अद्याप पाहिलेला नाही. हे खाते तर सर्वोच्च न्यायालयानेच ४ नोव्हेंबर २०२२ रोजी उघडून दाखविले आहे. कायदा व सुव्यवस्था राखण्यात राज्य चुकले, नागरिकांच्या जीविताचा हक्क त्यामुळे भंगला, आणि त्याची भरपाई राज्यानेच केली पाहिजे, असा तो निकाल. दंग्यात १६८ माणसे बेपत्ता झाली. त्यांपैकी ६० जणांच्या वारसांस पैसे मिळाले होते. १०८ जणांची कुटुंबे सापडली नाहीत किंवा त्यांचे पत्ते अपुरे निघाले, असे सरकारचे म्हणणे होते. बेपत्ता माणसांच्या वारसांस दोन लाख रुपये व त्यावर २२ जानेवारी १९९९ पासून द. सा. द. शे. ९ टक्के व्याज द्यावे असे न्यायालयाने ठरविले, आणि कुटुंबांच्या शोधावर देखरेखीसाठी राज्य विधी सेवा प्राधिकरणाच्या सदस्य सचिवांची समिती नेमली.

पत्ते अपुरे का निघाले, याचे उत्तर लोअर परळच्या रस्त्यावर उभे राहिले तरी मिळेल. खोली गेली, चाळ गेली, झोपडी हलली, गल्लीचे नाव बदलले. भाडेकरू दंग्यानंतर भिऊन मुंब्र्यास गेला, कोणी आपल्या मुलखास परतला. तीस वर्षांनी शिपाई नोटीस घेऊन जातो तेव्हा तेथे वाहनतळ असतो. सरकारने ती १०८ नावे, १९९३ सालच्या पत्त्यांसह, मराठी, उर्दू व हिंदी पत्रांतून पुनःपुन्हा छापावीत, प्रत्येक पोलीस ठाण्याच्या व पालिका विभाग कार्यालयाच्या दारावर लावावीत. आणि निकालानंतर यांतील किती कुटुंबे सापडली, किती रक्कम चुकती झाली, याचा तपशील विधिमंडळाच्या येत्या अधिवेशनात गृहमंत्र्यांनी स्वतः उभे राहून वाचून दाखवावा.