विश्लेषण : हिरवा चुडा शेवाळी का दिसतो? फोटोतल्या ‘प्रीसेट’चा रंग नेमका कुणाच्या मर्जीचा?

*एका क्लिकवर शेकडो फोटोंना एकसारखा ‘लूक’ देणारी प्रीसेट आज व्यावसायिक छायाचित्रणाचा कणा झाली आहेत. पण हळदीचा, पैठणीचा आणि माणसाच्या कातडीचा रंग ठरवण्याचा हक्क तयार फाइलीकडे सोपवायचा का?*

मंगल कार्यालयातले लग्न आटोपते. महिना-दीड महिन्याने व्हॉट्सअ‍ॅपवर फोटोंची लिंक येते आणि घरातून पहिली प्रतिक्रिया उमटते, ‘फोटो भारी आलेत!’ दुसरी प्रतिक्रिया जरा दबक्या आवाजात येते. शालूचा रंग असा होता का? हिरवा चुडा शेवाळी झालाय, हळद केशरी दिसतेय आणि सावळी नवरी अचानक चार छटांनी उजळलीय.

फोटोग्राफरने काही चुकीचे केले, असे कुणालाच म्हणता येत नाही, कारण फोटो दिसायला खरोखर देखणे असतात. फक्त ते त्या दिवसाचे वाटत नाहीत. या गोंधळाचे मूळ बहुतेक वेळा कॅमेऱ्यात नसते, नंतर लावलेल्या ‘प्रीसेट’मध्ये असते.

प्रीसेट म्हणजे नेमके काय?

व्यावसायिक फोटोग्राफर सहसा ‘रॉ’ स्वरूपात फोटो काढतात. मोबाइलमधली नेहमीची जेपेग फाइल प्रत्येक रंगवाहिनीत २५६ पायऱ्या साठवते. १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये अशा १६,३८४ पायऱ्या असतात. म्हणजे रॉ फाइलमध्ये माहिती भरपूर असते, पण चित्र अजून ‘शिजलेले’ नसते. उजेड किती, सावली किती गडद, पिवळा किती पिवळा, हे नंतर लाइटरूमसारख्या सॉफ्टवेअरमध्ये ठरते. अडोबीने हे सॉफ्टवेअर २००७ मध्ये बाजारात आणले.

या सॉफ्टवेअरमध्ये डझनावारी स्लायडर असतात. एखाद्या फोटोसाठी ते सगळे स्लायडर जिथे ठेवले, त्या आकड्यांची यादी जपून ठेवली की झाले प्रीसेट. ती यादी दुसऱ्या फोटोवर लावली की तेच आकडे तिथे लागू होतात. त्यात जादू काही नाही. प्रीसेटची फाइल साध्या मजकुरासारखी उघडून वाचताही येते.

मग ते इतके लोकप्रिय का झाले?

कारण वेळ. समजा, दोन दिवसांच्या लग्नातून निवडून ३,००० फोटो उरले आणि प्रत्येकावर फक्त दोन मिनिटे घालवली, तरी १०० तास होतात. लग्नसराईत मुहूर्ताच्या तारखा लागून असतात, एक ऑर्डर संपण्याआधी दुसरी सुरू होते आणि घरचे चौथ्या दिवसापासून ‘फोटो कधी?’ विचारू लागतात. अशा वेळी प्रीसेट लावून काम अर्ध्यावर आणणे यात आळस नाही, तो धंद्याचा हिशेब आहे.

दुसरे कारण ओळख. इन्स्टाग्रामवर एकाच रंगसंगतीतले फोटो ओळीने दिसले की त्या फोटोग्राफरची ‘स्टाइल’ तयार होते आणि त्या स्टाइलवर पुढच्या ऑर्डरी मिळतात. म्हणूनच नामांकित फोटोग्राफरांची प्रीसेट विकत घेण्याचा बाजार उभा राहिला. कॅमेरा कंपन्याही यात मागे नाहीत. जुन्या फिल्मची आठवण करून देणारे तयार ‘लूक’ फुजीफिल्म कॅमेऱ्यातच देते. त्यातला ‘क्लासिक क्रोम’ २०१४ मध्ये आला आणि आजही अनेकांचा आवडता आहे.

अडचण नेमकी कुठे येते?

प्रीसेटला समोरचा फोटो दिसत नसतो. त्याला फक्त आकडे माहीत असतात. ‘एक्स्पोजर अधिक अर्धा स्टॉप’ असा आकडा त्यात असेल तर तो अंधाऱ्या गाभाऱ्यातल्या फोटोलाही लागतो आणि भर दुपारी मांडवाबाहेर काढलेल्या फोटोलाही. पहिला फोटो सुधारतो, दुसऱ्यातले पांढरे धोतर कोरे होऊन जाते.

व्हाइट बॅलन्सचेही तसेच. दुपारच्या उन्हाचे तापमान साधारण ५,५०० केल्विन धरले जाते. कार्यालयातल्या हॅलोजनचा उजेड ३,००० केल्विनच्या आसपास असतो. उन्हासाठी बेतलेला ५,५०० चा आकडा प्रीसेटमध्ये जपलेला असेल आणि तो हॅलोजनखालच्या फोटोला लावला, तर सगळी वरात केशरी होते. त्यात मंचावरचे जांभळे-निळे एलईडी मिसळले की चेहऱ्याच्या दोन बाजूंना दोन रंग येतात.

हळदीचा घोटाळा आणखी मजेशीर आहे. लाइटरूममध्ये रंगांचे आठ पट्टे वेगवेगळे हलवता येतात. माणसाची कातडी, मग ती गोरी असो वा सावळी, मुख्यतः नारिंगी पट्ट्यात येते. हळद त्याला लागूनच, पिवळ्या आणि नारिंगीच्या सीमेवर. आज चालणाऱ्या ‘मूडी’ प्रकारच्या अनेक प्रीसेटमध्ये पिवळा रंग नारिंगीकडे ढकललेला असतो, हिरव्याचा जोर काढून घेतलेला असतो आणि नारिंगीची उजळता वाढवलेली असते. परिणाम उघड आहे. हळद केशरी होते, केळीची पाने आणि हिरवा चुडा शेवाळी होतो आणि चेहरा उजळतो. कुणीही मुद्दाम ‘नवरीला गोरी कर’ म्हटलेले नसते. फाइलीने ते परस्पर केलेले असते.

अशी अनेक प्रीसेट युरोप-अमेरिकेतल्या मंद, तिरप्या उन्हासाठी आणि तिथल्या फिकट पोशाखांसाठी बनलेली असतात. पांढरा गाऊन आणि करड्या आभाळाखालचे जंगल यांना ती शोभतात. पैठणीचा राघू हिरवा आणि आषाढातल्या सह्याद्रीचा हिरवा हेच ज्या फोटोचे प्राण आहेत, तिथे ती पहिला घाव हिरव्यावरच घालतात.

कातडीच्या रंगाचा प्रश्न नवा आहे का?

अजिबात नाही. रंगीत फिल्मच्या जमान्यात प्रयोगशाळांमध्ये रंग जुळवण्यासाठी ‘शर्ली कार्ड’ नावाचे संदर्भचित्र वापरत. कोडॅकच्या या कार्डांवर दशकानुदशके गोऱ्या स्त्रीचाच फोटो असे. तिची कातडी नीट दिसली की यंत्र ‘बरोबर’ मानले जाई. काळ्या-सावळ्या माणसांचे चेहरे त्यात काळवंडून जात. पुढे फिल्ममध्ये सुधारणा झाली, तेव्हा तिच्यामागे चॉकलेट आणि लाकडी फर्निचरच्या जाहिराती करणाऱ्यांच्या तक्रारीही होत्या. तपकिरी छटा नीट येत नाहीत, हे त्यांना खटकत होते.

डिजिटल काळात याची उशिरा का होईना दखल घेतली गेली. गुगलने २०२१ मध्ये पिक्सेल ६ फोनसोबत सावळ्या कातडीचे रंग नीट टिपण्यासाठी ‘रिअल टोन’ आणले आणि २०२२ मध्ये कातडीच्या दहा छटांची ‘मंक स्किन टोन’ मोजपट्टी स्वीकारली. मोबाइल कंपन्या या दिशेने जात असताना विकतच्या प्रीसेटमधून गोरेपणा पुन्हा मागच्या दाराने आत येणे हे उलट्या दिशेचे पाऊल आहे.

यावर फोटोग्राफरांचे उत्तर ठरलेले असते, ‘ग्राहकालाच उजळ चेहरा हवा असतो.’ अनेकदा ते खरेही असते. पण मागितल्यावर उजळवणे आणि न विचारता उजळवणे यात फरक आहे. पहिल्यात निर्णय त्या व्यक्तीचा असतो. दुसऱ्यात एका अनोळखी माणसाने कुठेतरी बसून ठरवलेले आकडे तिच्या रंगाला ‘दोष’ ठरवून दुरुस्त करतात आणि तोच फोटो आयुष्यभर भिंतीवर राहतो. पुढच्या पिढीला आजी कशी दिसत होती हे त्याच फोटोतून कळणार असते.

पूर्वीचे फोटो तरी ‘खरे’ होते का?

पूर्णपणे नाही. गावोगावच्या स्टुडिओत निगेटिव्हवर शिसपेन्सिलीने टचिंग व्हायचे, कृष्णधवल फोटोंवर हाताने रंग चढवले जायचे. अमेरिकी छायाचित्रकार अॅन्सेल अॅडम्स डार्करूममध्ये एकेका प्रिंटवर तासन् तास घालवत. निगेटिव्ह म्हणजे संगीताची लिहिलेली रचना आणि प्रिंट म्हणजे तिचे सादरीकरण, असे ते मानत. तेव्हा ‘एडिटिंग म्हणजे खोटेपणा’ हा आक्षेप टिकणारा नाही.

फरक एवढाच की टचिंग करणारा कारागीर त्या एका चेहऱ्याकडे बघून हात चालवत होता. प्रीसेट शेकडो फोटोंना एकदम लागते आणि प्रत्येक फोटो पुन्हा उघडून बघितला नाही तर त्या बघण्याची जागा रिकामीच राहते. आता फोटोग्राफरच्या जुन्या कामावरून शिकून आपोआप एडिट करणारी एआय साधनेही आली आहेत. ती फोटोगणिक आकडे बदलतात, पण शिकतात जुन्या सवयीच. सवय चुकीची असेल तर चूक अधिक वेगाने पसरते.

बातमीच्या फोटोला वेगळा नियम का?

कारण तिथे वाचक फोटोला पुरावा मानतो. २००६ मध्ये बैरुतवरील हल्ल्याच्या फोटोत धूर वाढवल्याचे उघड झाल्यावर रॉयटर्सने त्या छायाचित्रकाराचे सर्व ९२० फोटो विक्रीतून काढून टाकले. २०१५ च्या वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत अखेरच्या आधीच्या फेरीत पोहोचलेल्यांपैकी सुमारे २० टक्के प्रवेशिका फेरफारामुळे बाद झाल्या. त्याच वर्षी रॉयटर्सने मुक्त छायाचित्रकारांना रॉवरून तयार केलेले फोटो न पाठवता कॅमेऱ्यातून थेट निघालेले जेपेगच पाठवण्यास सांगितले.

फोटोत काही घातले किंवा काढले नाही, फक्त टोन बदलला, तरी अर्थ बदलू शकतो. १९९४ मध्ये ओ. जे. सिम्पसन यांचा पोलिसांनी काढलेला फोटो ‘टाइम’ने मुखपृष्ठावर गडद करून छापला. त्याच आठवड्यात ‘न्यूजवीक’ने तोच फोटो जवळपास मूळ स्वरूपात छापला. दोन्ही अंक शेजारी ठेवल्यावर कृष्णवर्णीय आरोपीला अधिक काळा आणि अधिक भयंकर दाखवल्याची टीका झाली. म्हणूनच बातमीच्या फोटोत मूडी प्रीसेटला जागा नसावी. पुराचे पाणी अधिक काळे आणि आभाळ अधिक भरलेले दाखवणे ही स्टाइल नव्हे, ती अतिशयोक्ती आहे.

आणि विक्रीसाठीच्या फोटोंचे काय?

इथे प्रश्न थेट पैशांचा आहे. येवल्याचा विणकर आता पैठणीचे फोटो मोबाइलवर टाकून विकतो. फोटोत मोरपंखी दिसलेली साडी हातात पडल्यावर गडद निळी निघाली, तर साडी परत येते आणि नाव खराब होते ते विणकराचे. २०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांनुसार विक्रेत्याची जाहिरात वस्तूच्या प्रत्यक्ष गुणधर्मांशी जुळणारी असावी लागते आणि जाहिरातीप्रमाणे नसलेली वस्तू परत घ्यायला त्याला नकार देता येत नाही. त्यामुळे साडी, दागिने, फर्निचर यांच्या फोटोंत आधी रंग जुळवणे आणि मगच सौंदर्य, हा क्रम पाळायला हवा. त्यासाठी २४ रंगचौकटींचे कार्ड किंवा साधे ग्रे कार्ड एका फ्रेममध्ये धरले तरी मोठे काम होते.

पर्यटनाचेही तेच. कास पठारावरचा तेरडा आणि सोनकी मुळातच सुंदर आहेत. जांभळा-पिवळा ताणून भडक केलेले फोटो बघून आलेला पर्यटक मात्र पठारावर उभा राहून ‘एवढेच?’ म्हणतो.

मग प्रीसेट वापरायचे की नाही?

जरूर वापरावे, पण कामाची सुरुवात म्हणून. आधी उजेड आणि व्हाइट बॅलन्स त्या-त्या जागेप्रमाणे जुळवावा, मग प्रीसेट लावावे आणि मग कातडी, कपडे आणि हिरवळ पुन्हा तपासावी. अंगण, मांडव, मंच अशा प्रत्येक उजेडासाठी स्वतःचे वेगळे प्रीसेट बनवणे हा त्याहून चांगला मार्ग. लाइटरूममध्ये आता चेहरा किंवा पार्श्वभूमी वेगळी निवडता येते, त्यामुळे ‘वेळ नव्हता’ ही सबबही पूर्वीइतकी पटत नाही.

जाहिरातींबाबत फ्रान्सने २०१७ पासून मॉडेलचे शरीर बारीक किंवा जाड दाखवणाऱ्या फोटोंवर ‘रिटच केलेला फोटो’ असा उल्लेख सक्तीचा केला आहे. लग्नाच्या अल्बमवर असा शिक्का कुणी मागणार नाही. तिथे गरज आहे ती आधी बोलून घेण्याची. बुकिंग करताना ग्राहकाने तीन गोष्टी विचाराव्यात. याच रंगाच्या कातडीचे आणि आपल्याकडच्या उजेडातले पूर्ण लग्न बघायला मिळेल का? चेहऱ्याचा रंग न विचारता बदलणार का? आणि निवडक फोटोंच्या साध्या, प्रीसेटविना प्रती मिळतील का?

फोटोग्राफरनेही हे प्रश्न अपमान समजू नयेत. उलट त्यानेच अल्बमपूर्वी चार-पाच नमुना फोटो पाठवून ‘हा रंग चालेल का?’ असे विचारले, तर नंतरची कुरबूर टळते. आज प्रीसेट कुणालाही काही रुपयांत विकत मिळते. नवरीचा शालू, तिचा चुडा आणि तिचा रंग तिला ओळखू येईल असा जपणे मात्र विकत मिळत नाही. ग्राहक व्यावसायिक फोटोग्राफरला पैसे देतो ते त्याच कामाचे.