पंचमाची तार

गेल्या गॅदरिंगला मी मालकंस गायलो. तो कसा झाला हे श्रोते विसरले असतील तर ती त्यांची कृपा. मला मात्र तंबोरा विसरता येत नाही. मालकंसात पंचम नाही, म्हणून पहिली तार मध्यमात लावायची, एवढे शिकवलेले होते. खुंटी सैल केली, मध्यम आला; पण तार अशी ढिली पडली की षड्जाच्या जोडीशेजारी ती बोलेचना, नुसती खरखरत राहिली. नंतर एका मैत्रिणीचा मारवा होता. त्यातही पंचम वर्ज्य. तिला निषाद हवा होता. तीच तार तिने वर चढवली आणि विंगेतच तुटली. शेवटी बिचारी मोबाइलवरच्या तंबोऱ्याबरोबर गायली.

आम्ही दोघांनी आधी खुंट्यांना शिव्या दिल्या. मग शाळेनंतर सोडलेले गणित पुन्हा उघडले. तारेचा स्वर ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात चढतो. पंचमाचा मध्यम केला की ताण पाचव्या हिश्श्याने कमी होतो, आणि निषाद केला की दीडपटीहून थोडा जास्त. म्हणजे माझ्या मालकंसापासून तिच्या मारव्यापर्यंत त्या एका तारेने जवळजवळ दुप्पट ओढ सोसायची. तुटली नसती तरच नवल!

तेव्हा खुंटी पिळण्याआधी तार बदलावी, असे माझे स्पष्ट मत आहे. तारेचा नंबर वाढला की ती बारीक होते. पंचमाला २९ नंबरची पोलादी तार असेल तर मध्यमाला २८ आणि निषादाला ३२ नंबरची घालावी. ताण साधारण पहिल्याइतकाच राहतो. खर्जाला पितळेची जाड तार असते तीही उगाच नव्हे, खालच्या स्वराला वजन लागते. तार बदलली की घोडीवरचा दोरा पुन्हा सरकवून जवारी कानाने शोधावी लागते, हे खरे. त्यात अर्धा तास जातो. जाऊ द्या.

मिरजेत दीडशेहून अधिक वर्षे तंबोरे घडत आहेत. २०२४ साली त्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. तिथला कारागीर आधी विचारतो, गाणार कोण आणि पट्टी कोणती? आमच्या मंडळात मुलगे काळी एकमध्ये गातात, मुली काळी चारमध्ये, तंबोरा मात्र एकच आणि तारा कधीकाळी कुणी घातल्या त्याच. त्यात अलिबागची खारी हवा. १९०४ पासून इथे चुंबकीय वेधशाळा आहे, तिच्या बांधकामात लोखंड टाळलेले; आमच्या कपाटातले पोलाद तर आपण होऊनच गंजून नाहीसे होते.

मोबाइलवर बटण दाबले की म, नी, हवे ते मिळते, मग ही यातायात कशाला, असे मित्र विचारतात. रोजच्या रियाजाला मीही तेच वापरतो. पण तार लावताना कान जे शिकतो, ते बटण शिकवत नाही. आणि पैशाची सबब तर सांगूच नये. लाऊडस्पीकरच्या एका दिवसाच्या भाड्यात वर्षभराच्या तारा येतील.

मांडव्याच्या लाँचने मुंबईला जाणारे आपल्यात पुष्कळ आहेत. मंडळाच्या कपाटात एक घट्ट झाकणाचा डबा ठेवावा, प्रत्येक वेटोळ्यावर नंबराची चिठ्ठी लावावी. मारवावालीने ३२ नंबरचे वेटोळे आणून ठेवलेही आहे. २८चे माझ्याकडे लागले.