तांड्याला गाव म्हणा

बीड जिल्ह्यातल्या जुन्या गावाचा इतिहास लिहायचा तर कागद सापडतात: पाटील-कुलकर्ण्यांची दप्तरं, निजामी काळातला महसूल, गावठाणाची हद्द, जनगणनेतला आकडा. शेजारच्या बंजारा तांड्याबद्दल यातलं फारसं काही हाती लागत नाही. बहुतेक तांडे महसुली गावं नाहीत. कागदोपत्री ते दुसऱ्याच गावाच्या शिवारात मोडतात. जनगणनेची यादी महसुली गावांची असते, म्हणून तिथली माणसं मोजली जातात, तांडा मात्र त्या यादीत दिसत नाही. माझं म्हणणं असं की ही उणीव तांड्याच्या इतिहासाची नसून महसूल खात्याच्या नोंदवहीची आहे, आणि ती भरून काढणं शासनाच्या हातात आहे.

तांडा बालाघाटाच्या माळावर का वसला, याला कारण आहे. लमाणांचे, म्हणजे बंजाऱ्यांचे, बैल दख्खनभर धान्य आणि मीठ वाहत. मोगलांच्या फौजा त्यांच्यावर विसंबल्या, १८०३च्या मोहिमेत इंग्रज सेनापती वेलस्लीही विसंबला. रेल्वे आणि पक्के रस्ते आले तसा हा व्यापार मोडला. स्थिरावायची वेळ आली तेव्हा नदीकाठची काळी जमीन जुन्या गावांकडे गेलेली होती. उरला मुरमाड माळ, गायरान, जंगलाची कड. पाणी, रस्ता आणि शाळा यांपासून तांडा लांब का, याचं उत्तर इथे आहे. पुढचा भाग मला जास्त बोलका वाटतो. १९५६पर्यंत बीड, गुलबर्गा आणि तेलंगण एकाच हैदराबाद संस्थानात, नंतर त्याच नावाच्या राज्यात होते. तिथला तांडा एकाच राजवटीखाली वाढला, मग तीन वाटांना गेला. तेलंगणाने २०१८च्या पंचायत कायद्यानंतर अनेक तांड्यांना स्वतंत्र ग्रामपंचायती दिल्या. राज्यातल्या पंचायती १२,७५१ झाल्या. कर्नाटकाने कायदा दुरुस्त करून तांड्यांना महसुली गावं करायला घेतलं आणि जानेवारी २०२३मध्ये गुलबर्गा जिल्ह्यातल्या मळखेडला पन्नास हजारांहून अधिक कुटुंबांना हक्कपत्रं दिली. महाराष्ट्रात वसंतराव नाईकांच्या नावाने तांडा-वस्ती सुधार योजना आहे, तिच्यातून रस्ते आणि सभागृहं होतात. पण निधी मिळाला म्हणून घराखालची जागा नावावर होत नाही.

यावर आक्षेप आहेत, आणि ते पोकळ नाहीत. इतक्या लहान वस्तीला पंचायत परवडणार नाही, असं म्हणतात. खरं आहे, पण महसुली गाव होणं आणि स्वतंत्र पंचायत मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गट ग्रामपंचायतीत राहूनही गावाला स्वतःचं नाव, हद्द आणि गावठाण असू शकतं. दुसरा आक्षेप असा की दिवाळीच्या सुमारास कोयते, म्हणजे ऊसतोडीची जोडपी, आगाऊ उचल घेऊन साखर कारखान्यांकडे जातात, निम्मा तांडा रिकामा होतो, मग गाव कशाचं? मुंबईच्या चाकरमान्याचं कोकणातलं गाव कुणी रद्द केलं नाही. ऊसतोड संपली की माणसं याच माळावर परततात. मागे राहिलेले म्हातारे आणि पोरं इथेच असतात. उलट महिनोन्‌महिने बाहेर राहणाऱ्यालाच रेशन, मतदारयादी आणि घरकुलासाठी पक्का पत्ता जास्त लागतो. गायरान आणि वनजमिनीचा प्रश्न मात्र अवघड आहे. न्यायालयाचे निर्णय आड येतात, जुन्या गावाच्या गुरांच्या चराईचा हक्कही खरा आहे. तिथे सरसकट हुकूम चालणार नाही. तांड्यागणिक मोजणी करावी लागेल आणि दोन्हीकडच्या माणसांना एकत्र बसवावं लागेल. तांड्याची चर्चा निघाली की ती बंजारा समाजाच्या आरक्षणावर येऊन थांबते, ही मोजणी मागे पडते. आरक्षणाच्या निकालासाठी ती अडवून ठेवायचं काही कारण नाही. जमीन महसूल संहिता १९६६ची आहे आणि नवं गाव जाहीर करण्याचा अधिकार तिच्यात आहे.