केसांची इस्त्री

शब्द कुठून आले याची चौकशी करीत बसणे हा माझ्या नोकरीचाच भाग आहे. 'इस्त्री' हाच शब्द घ्या. पोर्तुगीज भाषेत ताणण्याला 'एस्तिरार' म्हणतात. तो शब्द गलबतातून आपल्या किनाऱ्यावर उतरला आणि परटाच्या कोळशाच्या डब्याला जाऊन चिकटला, असे मानतात. इतकी वर्षे ही इस्त्री निमूटपणे सदरे आणि लुगडी सरळ करीत होती. आता ती आमच्या डोक्यावर चढली आहे!

पाचोऱ्याच्या बाजारपेठेत दिवाळीआधीच्या गर्दीत एक फेरी मारून पाहा. पणत्या, रांगोळ्या आणि आकाशकंदील यांच्या शेजारी काचेच्या कपाटात ही नवी चिमटेवजा इस्त्री ऐटीत पडलेली दिसेल. पाच-सातशे रुपयांपासून तिची सुरुवात होते. मोबाइलवर पाहू लागलात, तर परदेशी मोठ्या नावाची हीच वस्तू तीस हजारांच्याही वर जाते. काम एकच, केस सरळ करणे. मग सातशे आणि तीस हजार यांत फरक तो कसला? आणि आपल्यासारख्या पगारावर जगणाऱ्या घराने त्यातले काय घ्यावे?

गंमत अशी की, गरम चिमट्याचे हे शास्त्र नावारूपाला आले ते उलट्याच कामासाठी. १८७२ च्या सुमारास पॅरिसमध्ये मार्सेल ग्रातो नावाच्या केशभूषाकाराने तापलेल्या चिमट्याने सरळ केसांना लाटा पाडून दाखवल्या, आणि पॅरिसच्या बायका त्यासाठी त्याच्या दारात गर्दी करू लागल्या. ज्याचे सरळ त्याला कुरळे हवे, ज्याचे कुरळे त्याला सरळ हवे! मनुष्यस्वभावाला औषध नाही.

पण आधी ही इस्त्री करते काय, ते पाहू. केस हा केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो. त्याच्या साखळ्या एकमेकींना दोन प्रकारच्या गाठींनी बांधलेल्या असतात. एक गाठ गंधकाची. ती पक्की असते आणि मूळचा कुरळेपणा तीच सांभाळते. दुसरी हायड्रोजनची. ती कच्ची असते. उष्णतेने सुटते आणि केस थंड होताना नव्या आकारात पुन्हा बसते. इस्त्री सोडवते ती ही कच्ची गाठ. म्हणून केसांना पाणी लागले, किंवा श्रावणातली दमट हवा लागली, की सारी मेहनत फुकट! सातशेची इस्त्री असो वा तीस हजारांची, पाण्यापुढे दोघींची हार सारखीच.

एक इशारा येथेच देते. सुती कपड्यावर आपण पाणी शिंपडून इस्त्री फिरवतो; केसांवर तसे मुळीच करू नये. ओल्या केसावर तापलेली पट्टी आली, की आतल्या पाण्याची वाफ होऊन केसात बुडबुडे धरतात आणि केस तिथेच तुटतो. तेल चोपडलेल्या केसांवरही इस्त्री नको. ज्या वाफेवरच्या इस्त्र्या खास ओल्या केसांसाठीच बनवल्या आहेत त्यांची गोष्ट वेगळी.

आता किमतीकडे वळू. अगदी स्वस्त इस्त्रीत बहुधा एकच बटण असते: चालू आणि बंद. ती किती तापली हे तिलाही ठाऊक नसते आणि आपल्यालाही नसते. पातळ केसांना दीडशे अंशांच्या आसपास पुरते. मध्यम केसांना एकशेऐंशीच्या आतबाहेर लागते. दोनशेच्या वर गेलात, की नुकसान झपाट्याने वाढते. हा आकडा हाती नसणे हाच स्वस्त इस्त्रीचा खरा दोष. दुसरा दोष पट्ट्यांचा. त्या एकमेकींवर नीट बसत नाहीत. मधून केस निसटतात, मग तीच बट चार-चार वेळा ओढावी लागते, आणि चार वेळा ओढणे म्हणजे चार वेळा भाजणे. वर दिलेला सिरॅमिकचा मुलामा पातळ असेल तर तो वर्षा-दोन वर्षांत उडतो, आणि खालचा उघडा धातू केसांवर खरखरू लागतो.

दीड हजारापासून साडेतीन हजारांपर्यंतच्या मधल्या फळीत या तिन्ही गोष्टींवर बरेच उपाय मिळतात. अंश कमीजास्त करता येतात, पट्ट्या स्प्रिंगवर किंचित हलत्या असतात, मुलामा बरा असतो आणि पुष्कळ इस्त्र्या विसरल्यास आपोआप बंदही होतात. घाईच्या घरात हा शेवटचा गुण फार मोलाचा!

मग तीस हजार कशाचे? उगाच नाही म्हणणार नाही मी. तिथे पट्टीचे तापमान सेकंदाला कितीतरी वेळा मोजून सावरले जाते. डायसन या कंपनीने २०२० साली काढलेल्या इस्त्रीच्या पट्ट्या तर बटेभोवती वाकतात आणि ती बिनवायरीचीही चालते. रोज दहा डोकी सरळ करणाऱ्या पार्लरवालीला हा खर्च परवडेल. पण महिन्यातून दोन-तीनदा, लग्नाला नाहीतर हळदीकुंकवाला केस सरळ करणाऱ्या बाईला मधल्या फळीच्या पुढचा प्रत्येक हजार रुपया सोय विकत देतो, केस नव्हे. डब्यावर छापलेले 'आर्गन तेल', 'केराटिन' आणि 'आयन' हे शब्द वाचून तर मुळीच भुलू नये. पट्टीवर लावलेले तेल ते किती दिवस पुरणार?

आम्ही खानदेशी माणसे जळगावला सोने घ्यायला गेलो, की कशी पारख करतो! वजन पाहतो, घडणावळ विचारतो, हॉलमार्क डोळ्यांजवळ नेऊन बघतो. तीच नजर इथे का लावू नये? पट्ट्या मिटून उजेडासमोर धरा. फट दिसली तर परत ठेवा. मध्ये कागदाची पट्टी धरून ओढा. एका टोकाला घट्ट आणि दुसऱ्या टोकाला सैल लागली तरी परत ठेवा. आय.एस.आय.चे चिन्ह आहे का, हमीपत्रावर दुकानदार शिक्का देतो का, बिघडल्यास दुरुस्ती कुठे होते, हे विचारा. आणि अमेरिकेतल्या भाच्याने प्रेमाने पाठवलेली इस्त्री थेट भिंतीत खुपसू नका. तिकडची वीज एकशेवीस व्होल्टची, आपली दोनशेतीसची. दोन्हींवर चालते असे तिच्यावर लिहिले असेल तरच ठीक. नाहीतर दिवाळीचा पहिला फटाका घरातच वाजेल!

विजेच्या बिलाची काळजी करणाऱ्या सासूबाईंसाठीही एक हिशेब देते. पंचेचाळीस वॅटची इस्त्री दहा मिनिटे वापरली, असे शंभर वेळा केले, तरी पाऊण युनिट. तेवढ्यावरून भांडण नको.

खरे भांडण निराळेच आहे, आणि ते यंदा आमच्याच घरात झाले. माझ्या पुतणीचे केस तिच्या आजीसारखे, दाट आणि चांगले कुरळे. एका स्थळाकडून निरोप आला, 'फोटो सरळ केसांत पाठवा.' झाले! दादा म्हणाला, "पोरीच्या लग्नाचा प्रश्न आहे, महागातली आण." वहिनी म्हणाल्या, "ताई, एका फोटोसाठी सातशेची पुष्कळ झाली." आणि पुतणी गप्प बसून पार्लरचे दरपत्रक वाचत होती. चार-सहा महिने केस सरळच राहतील, असा औषधी उपाय तिथे होता.

त्या दरपत्रकाने मात्र माझ्या पोटात गोळा आला. तसल्या काही औषधांतून तापवल्यावर फॉर्माल्डिहाइड वायू सुटतो, आणि त्याला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २००४ सालीच माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत बसवले आहे. अमेरिकेत तेहतीस हजारांहून अधिक स्त्रियांची सुमारे अकरा वर्षे पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २०२२ साली आले. केस सरळ करण्याची औषधे कधीच न वापरणाऱ्या स्त्रियांत सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचे प्रमाण शेकडा १.६४ निघाले, तर वर्षातून चारपेक्षा अधिक वेळा वापरणाऱ्यांत ४.०५. यावरून औषधानेच रोग झाला असे सिद्ध होत नाही, हे त्या संशोधकांनाही मान्य आहे. परंतु परक्या माणसाच्या एका ओळीच्या निरोपासाठी एवढी जोखीम घरच्या लेकीने का घ्यावी?

मी तिला इतकेच विचारले, "तुला स्वतःला सरळ केस आवडतात का गं?"

"कधीकधी आवडतात, आत्या," ती म्हणाली. "रोज नाही."

उत्तर मिळाले होते. 'कधीकधी' आवडणाऱ्या गोष्टीसाठी मधल्या फळीतली इस्त्री पुरते, आणि 'रोज' सरळ केस मागणाऱ्या घरासाठी तीस हजारांचीही पुरणार नाही. कारण मग जन्मभर पावसाला आणि घामाला भीत बसायचे. तिने आपल्या पगारातून बावीसशेंची इस्त्री घेतली. कॉलेजच्या मैत्रिणीच्या लग्नात केस सरळ करून मिरवली आणि दुसऱ्या दिवशी न्हाऊन पुन्हा कुरळी झाली. फोटो पाठवला तो कुरळ्या केसांचा. दादा दोन दिवस माझ्याशी तुटकच बोलत होता. स्थळाकडून हे लिहीपर्यंत उत्तर आलेले नाही. येईल किंवा न येईल. पण येणाऱ्याला मुलगी आहे तशी ठाऊक असेल.

तेव्हा वाचक भगिनींनो, भाऊबीजेच्या ओवाळणीतून ही इस्त्री घ्यायची असेल, तर खुशाल घ्या. अंश दाखवणारी घ्या, पट्ट्या उजेडासमोर धरून घ्या, केस पुरते कोरडे करून एकशेऐंशीच्या आतच फिरवा, आणि एका बटेवरून शक्यतो एकदाच. उरलेल्या पैशात दिवाळीचे दोन अंक जास्त येतील. ते मात्र कुरळ्या केसांनीही तितकेच छान वाचता येतात!