मजुरांचे कोठार : ईस्टर्न केप

दक्षिण आफ्रिकेचा ईस्टर्न केप प्रांत आपल्या कार्यकर्त्यांना ठाऊक असतो तो नेल्सन मंडेलांची जन्मभूमी म्हणून. वॉल्टर सिसुलू, ऑलिव्हर टॅम्बो, रॉबर्ट सोबुक्वे, स्टीव्ह बिको हेही याच मातीतले. इतके नेते देणारा, सुमारे ७२ लाख वस्तीचा हा प्रांत आजही देशातील सर्वांत दरिद्री प्रांतांत मोडतो. कारण विचारले की नापीक जमीन, अवर्षण आणि मागासलेली शेती यांकडे बोट दाखवले जाते. अर्थशास्त्राचा जुना शिक्षक या नात्याने मला हे उत्तर मान्य नाही.

पश्चिमेकडचा कारूचा माळ कोरडा आहे, हे खरे. पण काय नदीपलीकडचा (नाव चमत्कारिक वाटले तरी उच्चार हाच) ट्रान्सकाय हा ड्रेकन्सबर्गपासून हिंदी महासागराकडे उतरत जाणारा हिरव्या टेकड्यांचा मुलूख आहे. येथील खोसा लोकांनी १७७९ ते १८७९ या शंभर वर्षांत गोऱ्यांशी नऊ युद्धे केली. ते हरले; परंतु पराभवानंतरही येथल्या शेतकऱ्याने नांगर घेतला, मेंढ्या पाळल्या, लोकर आणि धान्य बाजारात विकले. कोलिन बंडी या इतिहासकाराने १९७९ सालच्या आपल्या ग्रंथात हे साधार दाखवून दिले आहे. हा शेतकरी मागासलेला नव्हता. खाणमालकांची अडचण नेमकी तीच होती.

१८८६ साली विटवॉटर्सरँडला सोने सापडले. ज्याचे पोट स्वतःच्या शेतावर भरते तो माणूस जमिनीखाली उतरायला का जाईल? या प्रश्नाचे उत्तर १८९४ च्या ग्लेन ग्रे कायद्याने दिले. तो आणणारे केपचे पंतप्रधान सेसिल ऱ्होड्स स्वतःच खाणमालक होते! एका कुटुंबाला सुमारे आठ एकरांचा एकच तुकडा, वारसा थोरल्या मुलाकडे, वाटणीस बंदी. म्हणजे धाकट्यांनी जायचे कोठे? शिवाय वर्षातून तीन महिने बाहेर मजुरी केल्याचे दाखवता आले नाही, तर दहा शिलिंग कर. लोकांच्या विरोधामुळे हा कर पुढे १९०५ साली रद्द झाला. पण तोवर वाट पडली होती. १९१३ आणि १९३६ च्या जमीन कायद्यांनी साऱ्या देशातील आफ्रिकी जनतेला मिळून जेमतेम तेरा टक्के भूमी ठेवली.

यामागचा हिशेब हॅरोल्ड वोल्पे यांनी १९७२ साली उलगडला. खाणकामगाराला एकट्याचे पोट भरेल एवढेच वेतन द्यायचे. त्याची मुले, म्हातारी माणसे आणि आजारपण गावातल्या तुटपुंज्या शेतीने, म्हणजे बहुतांशी बायकांच्या श्रमाने, सांभाळायचे. गावाचे दारिद्र्य हा अशा रीतीने खाणीच्या नफ्याचाच एक घटक होता. पोंडोलँडचे शेतकरी १९६० साली उठले, तेव्हा न्गुझा टेकडीवर पोलिसांनी अकरा जणांना ठार केले. १९७६ साली ट्रान्सकायला ‘स्वातंत्र्य’ बहाल करण्यात आले. दक्षिण आफ्रिकेखेरीज एकाही देशाने ते मानले नाही.

१९९४ साली ट्रान्सकाय आणि सिस्काय नकाशावरून पुसले गेले व आजचा प्रांत अस्तित्वात आला. मताचा अधिकार मिळाला, ही लहान गोष्ट नव्हे. पण तरुण बाहेरच जात राहिले. १६ ऑगस्ट २०१२ रोजी शेकडो मैलांवरच्या मारिकाना येथे, प्लॅटिनमच्या खाणीत १२,५०० रँड वेतन मागणाऱ्या ३४ संपकऱ्यांना पोलिसांनी गोळ्या घातल्या. त्यांतले बरेचसे ईस्टर्न केपचे होते, आणि पोलीस या वेळी लोकनियुक्त सरकारचे होते.

सोन्याच्या खाणीतील धुळीने फुप्फुसे निकामी झालेल्या कामगारांच्या दाव्यात २०१९ साली न्यायालयाने सुमारे ५ अब्ज रँडच्या तडजोडीस मान्यता दिली. मृतांच्या वारसांनाही तीत हक्क आहे. मात्र हे रोगी घरी परतल्यावर ज्या बायकांनी त्यांना वर्षानुवर्षे सांभाळले आणि तेवढ्यातच शेतही कसले, त्यांच्या श्रमाचे मोल खाणमालकांच्या कोणत्याही जमाखर्चात आजवर मांडले गेलेले नाही.